मगाने पाडलेला पाऊस

एप्रिल महिन्यात इंजिनीअरिंग कॉलेजांमध्ये पाऊस पडतो. लॅबमध्ये, टेबलावर, प्लॅस्टिकच्या मगातून. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन असतं, कुणीतरी ‘स्मार्ट पर्जन्यमापक’ केलेला असतो आणि परीक्षक समोर आले की ग्रुपमधला एक जण नरसाळ्यात पाणी ओततो. स्क्रीनवर मिलिमीटर वाढतात, मोबाइलवर मेसेज येतो, सगळे खूश. बोर्डाची यूएसबी केबल लॅपटॉपला जोडलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

यंदा अशाच एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो आणि बघत होतो त्या केबलकडेच. विचारलं, “ही काढली तर किती दिवस चालेल?” दोन मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिसरीने सरळ सांगून टाकलं, “सर, दोन दिवस. हॉस्टेलच्या टेरेसवर ठेवून बघितलं होतं. मग स्लीप मोड टाकला, तर रीडिंगच चुकायला लागलं. पन्नास ठोके दिले तर अकरा दाखवायचं. म्हणून परत काढून टाकला.”

त्या दिवसभरात ऐकलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य होतं. पण माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता. नावीन्याला होते, सादरीकरणाला होते, ॲपला होते. यंत्र झोपतं का, झोपलं तर वेळेवर उठतं का, उठल्यावर बरोबर मोजतं का, याला शून्य मार्क. माझं म्हणणं असं आहे की एम्बेडेड प्रोजेक्टचे निम्मे मार्क इथेच असायला हवेत. आणि कॉलेज देवो न देवो, तुम्ही स्वतःला इथेच तपासलं पाहिजे. का, ते पर्जन्यमापकाच्याच उदाहरणाने सांगतो.

हे यंत्र आतून अगदी साधं असतं. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली. एक कप्पा भरला की ती कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. कलंडताना तिच्यावरचं चुंबक एका रीड स्विचसमोरून जातं आणि स्विच क्षणभर मिटतो. साधारण सेकंदाचा दहावा भाग, बस्स. तेवढ्यात तो ठोका तुमच्या चिपने पकडायचा. बऱ्याच यंत्रांत एक ठोका म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस.

आता हिशोब बघा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की आपल्याकडे त्याला अतिवृष्टी धरतात. पुढचे पंचनामे, मदत, सगळं त्या नोंदीपासून सुरू होतं. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ ठोके. त्यातले पंधरा-वीस चुकले तर कागदावर ६२ मिलिमीटर. शेतात पाणी तुंबलेलं आणि कागदावर अतिवृष्टी नाही. उलटंही होतं. स्विचची पत्री मिटताना थरथरते, एका ठोक्याचे दोन मोजले जातात आणि ३३ मिलिमीटरचे ६६ होतात. तुमचं यंत्र काही सरकारी केंद्रावर बसणार नाहीये, मान्य. पण उद्या नोकरीला लागल्यावर तुम्ही ज्या यंत्राचा ड्रायव्हर लिहाल, ते कुठे बसेल हे तुम्हाला कोण सांगणार आहे?

प्रदर्शनातल्या बहुतेक प्रोजेक्टांचा कोड मी बघतो. त्याचा सांगाडा एकच असतो. लूप, त्यात ‘पिन वाच’, मग ‘डिले १०००’, परत लूप. म्हणजे चिप सेकंदातून एकदा डोळा उघडून विचारते, झाला का ठोका? ठोका टिकतो सेकंदाचा दहावा भाग. बाकी नऊ भाग चिप डिलेमध्ये उभी. दहातले नऊ ठोके हिच्या समोरून निघून जाणार. मग कुणीतरी डिले कमी करून १० करतं आणि ठोके सापडायला लागतात. पण मेसेज पाठवायला मोडेमला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि कोड तिथे अडकून बसतो. तासाला ६० मिलिमीटरच्या जोराने पाऊस असेल तर दर बारा सेकंदांना एक ठोका. म्हणजे प्रत्येक मेसेजमागे एखादा ठोका गेलाच. मगाने पाणी ओतताना हे कळत नाही, कारण किती ओतलं ते कुणी मोजतच नाही.

घरी कुकर लावल्यावर आई गॅससमोर उभी राहून दर मिनिटाला झाकण निरखत नाही. ती पेपर वाचते, फोनवर बोलते. शिट्टी झाली की मनात ‘एक’ म्हणते आणि परत बोलायला लागते. तीन झाल्या की उठते. इंटरप्ट म्हणजे हेच. चिप तिचं काम करत असते किंवा झोपलेली असते. पिनवर हालचाल झाली की हार्डवेअर स्वतः तिला थांबवतं आणि तुम्ही ठरवून दिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये नेतं. तिथे फक्त ‘एक’ म्हणायचं आणि परतायचं. शिट्टी झाली म्हणून तिथेच उभं राहून वरणाला फोडणी घालायची नाही. मी असे प्रोजेक्ट पाहिलेत ज्यांच्या इंटरप्ट फंक्शनमध्ये सिरीअल प्रिंट आहे, डिले आहे, एकात तर अख्खा एसएमएस पाठवला होता! आर्डुइनोवर त्या फंक्शनच्या आत बाकीचे इंटरप्ट बंद असतात, त्यामुळे डिले तिथे चालतच नाही. बिचारा बोर्ड गोठतो आणि मुलं म्हणतात, बोर्ड डुप्लिकेट निघाला.

आता त्या मुलीच्या अकरा ठोक्यांकडे येऊ. मी तो कोड मागून घेतला. थरथर टाळण्यासाठी त्यांनी सगळे लावतात तोच उपाय लावला होता. ठोका आला की ‘मिलिस’ बघायचं, आधीच्या ठोक्यापासून ५० मिलिसेकंदही झाले नसतील तर तो खोटा समजून सोडून द्यायचा. जागेपणी हे अगदी बरोबर चालतं. पण एटीमेगा ३२८पी ही चिप गाढ झोपेत, म्हणजे पॉवर-डाउन मोडमध्ये गेली की मुख्य क्लॉकच थांबतो. क्लॉक थांबला की मिलिस मोजणारा टायमरही थांबतो. चिपच्या दृष्टीने झोपेत वेळ जातच नाही. दोन ठोक्यांमध्ये खरे बारा सेकंद गेलेले असतात, पण चिप दर ठोक्याला उठून दहाएक मिलिसेकंद जागी राहते आणि परत झोपते. तिच्या घड्याळात तेवढेच दहा. म्हणून पुढचा खरा ठोका तिला थरथर वाटतो. असे चार ठोके वाया जातात, पाचवा मोजला जातो. पन्नासाचे अकरा का झाले ते कळलं ना?

त्यांनी दोनदा रीड स्विच बदलला होता. चुंबक जवळ आणलं होतं. दोष हार्डवेअरचा नव्हता आणि खरं तर कुठल्या एका ओळीचाही नव्हता. एक ओळ बरोबर, दुसरी ओळ बरोबर, दोन्ही एकत्र आल्या की चूक. उपाय अवघड नाही. ठोका मोजल्यावर लगेच गाढ झोपायचं नाही, ५० मिलिसेकंद ‘आयडल’ या हलक्या झोपेत काढायचे, जिथे टायमर चालू राहतो, आणि मग गाढ झोप. किंवा एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून थरथर पिनपर्यंत पोचूच द्यायची नाही. दोन-चार रुपयांचं काम. पण हे सुचायला झोपेत नक्की काय काय बंद पडतं हे माहीत हवं, आणि ते डेटाशीटच्या एका तक्त्यात स्पष्ट दिलेलं असतं. कुठल्या झोपेतून कोण उठवू शकतं, तेही त्याच तक्त्यात. ईएसपी ८२६६ वापरणाऱ्यांना विचारा. गाढ झोपेतून टायमरने उठवायचं तर सोळा नंबरची पिन रीसेटला वायरने जोडावी लागते. ती वायर विसरलेला बोर्ड झोपतो तो झोपतोच.

अजून एक गंमत, आर्डुइनो उनोवाल्यांसाठी. तुमचा ठोक्यांचा काउंट ‘इंट’ असतो, म्हणजे १६ बिटांचा. चिप मात्र ८ बिटांची, ती हा आकडा दोन घासांत वाचते. समजा काउंट २५५ आहे. मुख्य कोडने खालचा बाइट वाचला, २५५. नेमक्या त्याच क्षणी ठोका आला, इंटरप्टने काउंट २५६ केला, म्हणजे वरचा बाइट झाला १ आणि खालचा ०. मुख्य कोड परत आला आणि त्याने वरचा बाइट वाचला, १. दोन्ही जोडून काय मिळालं? ५११. म्हणजे ५१ मिलिमीटरच्या जागी मेसेज गेला १०२ मिलिमीटरचा. पुढच्या मेसेजमध्ये आकडा आपोआप परत सरळ. तुम्ही कितीही वेळा मगाने पाणी ओता, हे दिसणार नाही. वर्षातून एकदा, एका रात्री दिसेल. ‘व्होलाटाइल’ लिहिलं की सुटलो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो शब्द यापासून वाचवत नाही. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करायचे, आकडा कॉपी करायचा, परत चालू करायचे.

ज्यांना हे सगळं उगाच घाबरवणं वाटतंय, त्यांच्यासाठी एक मोठं नाव. ग्राफमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत ज्यांच्या नावाने तुम्ही शिकता, ते डाइक्स्ट्रा. १९५०च्या दशकाच्या शेवटी एक्स१ या डच कॉम्प्युटरसाठी इंटरप्ट हाताळणारा कोड त्यांनी लिहिला, १९५९च्या त्यांच्या पीएचडी प्रबंधाचा तो गाभा होता. यंत्रात इंटरप्ट असणार म्हटल्यावर आधी ते बिचकलेच होते, हे त्यांनी पुढे आठवणींत मोकळेपणाने सांगितलंय. कारण इंटरप्ट कधी येईल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे एकदा झालेली चूक परत करून दाखवता येत नाही. म्हणजे टेस्ट करून सापडेल या भरवशावर राहता येत नाही, आधीच विचार करावा लागतो. डाइक्स्ट्रांना जे अवघड वाटलं, ते आपण यूट्यूबवरच्या चार ओळी चिकटवून उरकतो.

आणि झोप आली की त्यात आणखी एक खाच येते. समजा नाल्यावर पुराचा इशारा देणारं यंत्र आहे, तरंगता स्विच वर उचलला गेला की इंटरप्ट. कोड म्हणतो, ‘झेंडा वर आहे का? नाही? मग झोप.’ झेंडा बघितला, नव्हता. आता झोपायचं, आणि या दोनांच्या मध्ये, काही मायक्रोसेकंदांच्या फटीत, पाणी चढलं. इंटरप्ट आला, झेंडा वर झाला, फंक्शन संपलं, आणि मुख्य कोड जिथे होता तिथून पुढे निघाला. म्हणजे झोपला. स्विच एकदाच उचलला जातो. दुसरा इंटरप्ट येणार नाही. झेंडा वर, पाणी वर, चिप गाढ झोपेत. रात्रीच्या एसटीत आपलं गाव आलं का म्हणून बाहेर बघून डोळे मिटावेत आणि त्याच क्षणी कंडक्टरने हाक मारून पुढे जावं, तसं.

चिप बनवणाऱ्यांनी यावर केलेली सोय मला फार आवडते. आधी इंटरप्ट बंद करायचे, मग झेंडा बघायचा. झोपायचं ठरलं तर ‘इंटरप्ट चालू’ आणि लगेच पुढची सूचना ‘झोप’. एव्हीआर चिपमध्ये नियम असा आहे की ‘इंटरप्ट चालू’नंतरची एक सूचना आधी पूर्ण होते, अडून राहिलेला इंटरप्ट त्याच्यानंतरच आत येतो. त्यामुळे मधे घुसायला फटच राहत नाही. चिप झोपते आणि दारात उभा असलेला इंटरप्ट तिला तिथल्या तिथे उठवतो. फक्त या दोन सूचनांच्या मधे तुम्ही तिसरी काही घालायची नाही.

हाच प्रश्न तुमच्या खिशातल्या फोनलाही पडला होता. कॉल येतोय आणि फोन त्याच क्षणी झोपायला निघालाय, तर काय? अँड्रॉइडने वेकलॉक आणले, त्यावरून लिनक्सच्या मंडळींत भरपूर वाद झाले आणि २०१०मध्ये २.६.३६ या कर्नलमध्ये ‘वेकअप काउंट’ आला. झोपण्याआधी हा आकडा वाचायचा, मग तोच परत लिहायचा. मधल्या वेळात एखादी जाग येऊन गेली असेल तर आकडा बदललेला असतो, लिहिणं फसतं आणि झोप रद्द होते. आपल्या नाल्यावरच्या यंत्राची तीच खाच, फक्त मोठ्या घरात.

“पण सर, सोलर लावू की!” हे मला दर स्टॉलवर ऐकायला मिळतं. पर्जन्यमापकाला सोलर जरूर लावा, पण तो सगळ्यात जास्त कधी लागतो? आंबोलीला, महाबळेश्वरला दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही तेव्हा. बेरीज-वजाबाकी करूनच बघा. उनो बोर्ड नुसता जागा राहायला ४५ ते ५० मिलिअँपियर खातो. सेल २५०० मिलिअँपियर-अवरचा धरला तर ५० तास, म्हणजे त्या मुलीचे दोन दिवस. आता वाय-फायवाला बोर्ड घ्या. झोपेत ०.०१ मिलिअँपियर, दर १५ मिनिटांनी तीन सेकंद जागा होऊन १०० मिलिअँपियर. सरासरी येते ०.३४ आणि तोच सेल जवळजवळ ३०० दिवस पुरतो. अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी. पण जागं करणारी पिन पुलअप न लावता हवेत लोंबकळत ठेवली आणि बोर्ड दर मिनिटाला फुकटचा उठायला लागला, तर सरासरी ५ मिलिअँपियर. तीन आठवड्यांत खेळ खल्लास. आणि हो, चिप झोपली तरी बोर्डावरचा तो लाल दिवा, रेग्युलेटर, यूएसबीची चिप जागीच असतात. दिवा जळत असताना ‘माझा प्रोजेक्ट स्लीप मोडमध्ये आहे’ असं म्हणू नका, प्लीज.

लूपमध्ये पिन वाचणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. भिंतीच्या सॉकेटवर चालणारं यंत्र असेल, घटना भराभर येत असतील, तर सतत विचारत राहणंच शहाणपणाचं. लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर पॅकेटांचा पूर आला की इंटरप्ट बंद करून चक्क विचारत बसतात, कारण दर पॅकेटला दचकून उठायचं तर दुसरं काही होणारच नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी जागं राहणं हा मूर्खपणा, आणि पाऊस आपल्याकडे आठ महिने क्वचितच असतो.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे सगळं तुमच्या अभ्यासक्रमात आहे! ८०८५चे इंटरप्ट तुम्ही घोकलेत. ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५, आयएनटीआर, प्राधान्यक्रमाने. आरएसटी ७.५चा पत्ता ००३सी, हे व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केलेलं असतं. ट्रॅप बंद करता येत नाही, ७.५ एजवर चालतो, सगळं तोंडपाठ. आणि चौथ्या वर्षी, तेच डोकं, तेच हात, डिले १०००. मधे कुणी सांगितलंच नाही की त्या पत्त्यांचा आणि टेरेसवर मेलेल्या बॅटरीचा काही संबंध आहे. हा दोष तुमचा नाही, पण नुकसान तुमचंच आहे. मुलाखतीत ‘तुमचा प्रोजेक्ट झोपेत किती करंट घेतो’ असं विचारलं की चांगली चांगली मुलं गप्प होतात.

तर आता जून आलाय, प्रोजेक्टचे विषय ठरतील. कुणी पर्जन्यमापक घेणार असेल तर मग ठेवा बाजूला. वापरलेली सलाइनची बाटली आणि नळी मिळवा, आतलं पाणी नीट मोजून अर्धा लिटर भरा, चाक फिरवून धार अगदी थेंबथेंब करा, इतकी की बाटली रिकामी व्हायला चारेक तास लागतील. यूएसबी काढा, सेलवर चालवा, मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून झोपेतला करंट वहीत टिपा. नंतर मीटर काढून घ्या, नाहीतर बोर्ड उठताना मायक्रोअँपियरच्या रेंजवर व्होल्टेज कोसळून तो रीसेट होईल आणि तुम्ही भलत्याच चुकीच्या मागे लागाल. नरसाळं २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर ०.२ मिलिमीटरच्या एका ठोक्याला सव्वासहा मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. अर्ध्या लिटरला साधारण ऐंशी ठोके व्हायला हवेत. त्या मुलीने मागच्या आठवड्यात तिचा आकडा पाठवला. एकोणऐंशी.